गच्चीवर पाच व्होल्ट पोहोचतात का?

काळ्या प्लास्टिकच्या टाकीच्या झाकणाला भोक पाडून बसवलेला हा अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर. शेजारच्या डबीत ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही वायफाय चिप २०१४च्या सुमारास हौशी लोकांच्या हाती आली आणि टाकी भरली की पंप आपोआप बंद करणं घरच्या घरी जमू लागलं.

डबीला वीज येते तळमजल्यावरच्या ५ व्होल्टच्या चार्जरमधून, २० मीटर लॅन केबलने. टेबलावर सगळं सुरळीत चालतं. गच्चीवर नेलं की बोर्ड मधूनच रीस्टार्ट होतो. मग रात्र रात्र प्रोग्रॅममधली चूक शोधली जाते. अशा वेळी आधी तार तपासावी.

हिशेब करून बघू. चांगल्या तांब्याच्या लॅन केबलमध्ये एका तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०८४ ओहम. जायची २० मीटर, यायची २० मीटर, म्हणजे सव्वातीन ओहमच्या वर. चिप एरवी ७०-८० मिलिअँपिअर घेते, त्यात पाव व्होल्ट जातो. मल्टिमीटर ४.७ दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. पण वायफायवर माहिती पाठवताना हीच चिप क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. तेवढ्यात अख्खा एक व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. चिप चालते ३.३ व्होल्टवर, आणि ५ चे ३.३ करून देणाऱ्या बोर्डावरच्या साध्या रेग्युलेटरला वर व्होल्टभर माया लागते. ४ व्होल्टांत ती उरत नाही. मल्टिमीटरचा आकडा इतक्या झटपट हलत नाही, म्हणून ही घसरण दिसतही नाही. त्यात स्वस्तातली केबल आतून ॲल्युमिनियमची निघाली, तर रोध सुमारे दीडपट.

म्हणून खालून १२ व्होल्ट पाठवायचे आणि डबीतच छोट्या बक कन्व्हर्टरने त्याचे ५ करायचे. आता त्याच कामाला तारेतून १५० मिलिअँपिअर पुरतात. अर्धा व्होल्ट गेला तरी साडेअकरा उरतात, आणि कन्व्हर्टरला तेवढे भरपूर झाले. केबलमध्ये आठ तारा असतात. जायला दोन, यायला दोन वापरल्या की नुकसान निम्मं. बोर्डाला अगदी लागून ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हवाच, क्षणाचा झटका तो झेलतो. आणि ही केबल २३० व्होल्टच्या पाइपातून ओढू नका, वायरमनने सोयीचं म्हणून सुचवलं तरी नाही.

सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, त्याचा सिग्नलही ५ व्होल्टचा येतो, चिपला ३.३ च्या वर नको. मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर घालून तो उतरवायचा. २५ सेंटीमीटरच्या आतलं पाणी अशा सेन्सरला नीट मोजता येत नाही, म्हणून तो भरल्या पातळीच्या तेवढा वर बसवायचा.

१२ व्होल्टचा आणखी एक फायदा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बहुधा १२ व्होल्टचाच असतो. त्याची क्षमता पुरेशी असेल तर डबीही त्यावर घ्यावी. लाइट गेली तरी मोजणी चालू राहते, आणि लाइट आल्यावर पंप लावायचा की नाही ते लगेच कळतं.