मागे किती दात?

(अंधार. चेनचा आवाज. मग हळूहळू रस्ता दिसू लागतो.)

पहाटेचे साडेचार. पुणे अजून झोपेत आहे. फुटपाथवर गठ्ठे पडलेत, सुतळ्या कापल्या जातायत, पेपरात पुरवण्या सरकवल्या जातायत. शेजारी स्टँडवर एक काळी सायकल उभी आहे. 28 इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, मागे रुंद कॅरियर. सायकलकराचा जुना बिल्ला हँडलला अजून तारेनं बांधलेला आहे. गिअर एकच.

(कॅरियरवर गठ्ठा बांधला जातो.)

पेपर 13 किलो, सायकल 20 किलो आणि सायकलवर बसणारे काका 62 किलोंचे. एकूण 95. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सहकारनगरातून रस्ता तळजाईच्या दिशेनं वर निघतो. काका आधी सीटवरून उठतात, उभ्यानं चार-सहा पायडल मारतात आणि मग उतरून सायकल ढकलायला लागतात. आम्ही तीन पहाटा इथे कॅमेरा लावला. तिन्ही वेळा ते याच विजेच्या खांबापाशी उतरले.

वय झालंय म्हणून उतरतात, असं बघणाऱ्याला वाटतं. गिअरची सायकल घ्या म्हणून सांगणारेही त्यांना रोज भेटतात. आम्ही मात्र या सायकलचं मागचं चाक बघायला गेलो.

(सायकलचं दुकान. खडूनं खूण केलेला एक दात.)

मिस्त्रींनी एका दाताला खडू लावला आणि बोट फिरवत मोजत गेले. पुढे 44. मागे फ्रीव्हीलवर, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या दातेरी चक्रावर, 18. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक 2.44 वेळा फिरतं.

आता चाक. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर एक रेघ मारली. काका सायकलवर बसले, दोघांनी धरलं आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत सायकल सरळ पुढे नेली. तिथे दुसरी रेघ. माणूस बसलेला असतानाच मोजायचं, कारण वजनानं टायर दबतो आणि चाक तेवढं लहान होतं. दोन रेघांमधलं अंतर 2 मीटर 22 सेंटीमीटर. त्याला 2.44 नं गुणलं की आली या सायकलची एका पायडलची झेप: 5 मीटर 43 सेंटीमीटर.

(भिंतीवर खिळा, दोरी आणि खडू. मोठं वर्तुळ काढलं जातंय.)

जाणकार मंडळी हेच इंचात सांगतात. त्या इंचांचा उगम जुना आहे. 1870च्या दशकात सायकलचं पुढचं चाक प्रचंड मोठं असायचं आणि पायडल थेट त्यालाच जोडलेली असायची. चाक जितकं मोठं, तितकी एका फेऱ्यात मजल जास्त. पण चाक वाढवायचं किती? पाय पुरेपर्यंतच. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. तिनं पायांचं बळ चेनवरून मागच्या चाकाला दिलं आणि मग मोठं चाक दातांच्या हिशेबात मावलं. मोजायची पद्धत मात्र टिकली. 28 गुणिले 44, भागिले 18. उत्तर 68 इंच, म्हणजे पायडल थेट जोडलेलं एवढ्या व्यासाचं चाक.

भिंतीवरचं हे वर्तुळ 68 इंचांचं आहे. जवळजवळ पावणेसहा फूट. काका रोज पहाटे एवढं चाक घेऊन चढाला भिडतात.

(चढ. लाकडी फळी, वर पाणसळ.)

चढही मोजला. एक मीटरची फळी रस्त्यावर ठेवली आणि पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत तिचं खालचं टोक उचललं. त्या टोकाखाली जागा राहिली 6 सेंटीमीटर. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर.

आता ते 95 किलो आठवा. त्यांचे सहा टक्के म्हणजे 5 किलो 700 ग्रॅम. टायर रस्त्यावर घासतो, त्याचे आणखी किलोभर धरा. एवढ्या जोरानं सायकल सतत खाली ओढली जातेय. ऐकायला किरकोळ वाटतं. पण क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आहे 165 मिलिमीटरची. पूर्ण फेऱ्यात पाऊल जेमतेम 1 मीटर 4 सेंटीमीटर फिरतं आणि तेवढ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. सव्वापाच पट अंतर, म्हणून पायाला सव्वापाच पट जोर. सरासरी 35 किलो. त्यातही पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर लागू पडत नाही. ती कसर मधे भरून काढावी लागते, तिथे हा आकडा दीडपटीच्या पुढे जातो. 54 किलो.

काका 62 किलोंचे. म्हणजे दर पायडलला जवळजवळ अख्खं शरीर टाकायचं. ते सीटवरून का उठतात आणि खांबापाशी का उतरतात, त्याचं कारण या मागच्या 18 दातांत आहे.

(काउंटरवर तीन फ्रीव्हील: 18, 20, 22.)

"काका, सपाटीला घाई असते का?" मिस्त्रींनी विचारलं.

"घाई कसली? गठ्ठा घेतला की लगेच चढच लागतो."

हा प्रश्न विचारणारा मिस्त्री भेटणं मोलाचं आहे. दर मिनिटाला 60 फेरे मारले तर 18च्या फ्रीव्हीलवर ही सायकल ताशी साडेएकोणीस किलोमीटर जाते, 20वर साडेसतरा, 22वर सोळा. एका गिअरची सायकल घेताना बहुतेक लोक या वेगाकडे बघून ठरवतात. आम्हाला ते उलटं वाटतं. आपल्या रोजच्या वाटेवरचा, न उतरता चढायचाच असा जो सगळ्यांत कठीण चढ असेल, त्याच्यावरून दात ठरवावेत. सपाटीला पाय थोडे भराभर फिरतील, उताराला फ्रीव्हील आहेच. टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला मनाई होती. तिथले शर्यतपटूसुद्धा घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूचे जास्त दात चढाला लावायचे.

ठरलं 22.

(हातांचे क्लोजअप. गंज, तेल, वाइस.)

जुनं फ्रीव्हील सहजी निघत नाही. दर पायडलला ते आट्यांवर आणखी घट्ट होत गेलेलं असतं. आधी खोबणीत तेल सोडलं आणि चहा होईपर्यंत थांबलो. मग मिस्त्रींनी खाचांचा पाना वाइसमध्ये आवळला, त्यावर चाक आडवं ठेवलं आणि मोटारीचं स्टिअरिंग धरावं तसं दोन्ही हातांनी धरून डावीकडे रेटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कट्ट आवाज आला.

(नवं फ्रीव्हील हातानं आटे धरत बसतं.)

आता चेन. इथली गंमत आम्हाला मिस्त्रींनीच दाखवली. मागे एक दात वाढला की चेन अर्ध्या कडीनं कमी पडते. 20चं फ्रीव्हील बसवलं असतं तर एक कडी कमी पडली असती. साध्या चेनला सुटी एक कडी जोडता येत नाही, आत-बाहेरची जोडीच लागते. मग खाचेत चाक सहा मिलिमीटर पुढे सरकवावं लागलं असतं आणि त्याबरोबर ब्रेकचे रबरही हलवावे लागले असते. 22ला चार दात वाढले, म्हणजे दोन कड्या, बरोबर एक जोडी. जोडी घातली आणि चाक आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसलं.

चेन वीणेच्या तारेसारखी ताणायची नाही. वरून बोटानं दाबली तर अर्धा इंच खाली जायला हवी. पायडल पूर्ण फिरवून जिथे ती सगळ्यांत ताठ होते, तिथे हे बघायचं.

(एक तरुण, बिनफ्रीव्हीलची सायकल. टायरवर एकच गुळगुळीत डाग.)

तेवढ्यात हा मुलगा आला. याची सायकल फिक्स्ड, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडल फिरणारच. पायांनी चाक अडवून हा घसरत थांबतो आणि टायर एकाच जागी झिजलाय. पुढे 48, मागे 16, बरोबर तिप्पट. त्यामुळे ठरलेला पाय पुढे घेऊन तो थांबला की टायरचा तोच भाग दरवेळी जमिनीवर येतो. मागे 17 केले तर 48 भागिले 17 हा अपूर्णांक आणखी लहान होत नाही आणि झीज सतरा जागांत वाटली जाते. मिस्त्रींनी 17 दातांचं चक्र काढून दिलं, पण त्याआधी त्याला पुढचा ब्रेक बसवायला लावला.

(भिंत. मोठ्या वर्तुळाच्या आत आता लहान वर्तुळ काढलं जातंय.)

काकांचं नवं चाक 56 इंचांचं. 44 भागिले 22, सरळ दुप्पट. एका पायडलला 4 मीटर 44 सेंटीमीटर. मघाचे 54 किलो आता 44वर आले. काम तेवढंच आहे, 95 किलो तेवढेच वर न्यायचेत, फक्त घास लहान झाले. तीनशे मीटरच्या चढाला आधी 110 वेळा पाय दाबावा लागत होता, आता 135 वेळा. नव्या गिअरच्या सायकलच्या पासंगालाही पुरणार नाही एवढ्या खर्चात, आणि जी सायकल भंगारात घालायचा सल्ला काकांना दोनदा मिळाला होता, तिच्यावरच.

(पुन्हा पहाट. तोच चढ. कॅमेरा त्याच खांबापाशी.)

गठ्ठा आजही 13 किलोंचा आहे.

(काका लांबून येताना दिसतात. सीटवर बसलेले. खांब मागे पडतो.)

गुडघा आता कमी दुखतो आणि वरच्या इमारतींत पेपर थोडा लवकर पडतो, असं त्यांनी सांगितलं.

(वळण. पेपर संपलेले, कॅरियर रिकामं. उतार. यापुढे निवेदन नाही, फक्त फ्रीव्हीलची टकटक.)