अंत्युखियातली पंगत

(दृश्य : काळोखातून उजेडात येणारी शिळा)

इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयातली ही शिळा. सात ओळी, ग्रीक अक्षरं. परक्या, म्हणजे यहूदी (ज्यू) नसलेल्या माणसानं या कठड्याच्या आत येऊ नये. जो सापडेल, त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार. यरुशलेमच्या मंदिराच्या आवारातली ही ताकीद १८७१ साली सापडली.

आत कोण आणि बाहेर कोण, या एका प्रश्नावरून येशूच्या मागे राहिलेली माणसं आपसात भांडली.

येशूनंतर कारभार कोणाकडे गेला, असं विचारलं की पटकन नाव येतं त्याच्या आघाडीच्या शिष्याचं, पेत्राचं. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे येशूला मानणाऱ्यांच्या समूहात, मात्र शब्द चालायचा तो याकोबाचा. जब्दीचा मुलगा याकोब वेगळा, त्याला हेरोद राजानं तलवारीनं मारलं. हा याकोब येशूचा भाऊ. प्रार्थना मंदिरात, नियमशास्त्र मोशेचं, म्हणजे यहूद्यांचा धर्मनियम. येशूला मानायचं म्हणजे यहूदीपण सोडायचं, हे त्याच्या मनातही नव्हतं.

(दृश्य : पपायरसचं पान, कडा झिजलेल्या)

सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ही वही. उरलेल्या ८६ पानांपैकी ५६ डब्लिनमध्ये, ३० अमेरिकेत मिशिगनला. तिच्यात पौलानं गलतीकरांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिलेलं पत्र आहे. पौल येशूच्या बारा शिष्यांतला नव्हता, उलट सुरुवातीला मंडळीचा छळ करणारा. आपली नेमणूक थेट ख्रिस्तानं केली, असा त्याचा दावा. यरुशलेमला गेलो तो तीन वर्षांनी, पंधरा दिवस पेत्राकडे राहिलो, प्रेषितांपैकी (येशूचा संदेश पोचवायला नेमलेल्यांपैकी) दुसरा भेटला तो फक्त याकोब, असं तो लिहितो. आणि देवासमोर सांगतो, खोटं बोलत नाही. इतकी शपथ घ्यावी लागते, म्हणजे कोणीतरी उलटं सांगत फिरत असणार.

चौदा वर्षांनी पुन्हा भेट. याकोब, केफा आणि योहान या तिघांनी पौलाला उजवा हात दिला. केफा म्हणजे पेत्रच. पण यादीत पहिलं नाव कोणाचं, ते बघा. पेत्रानं यहूद्यांत काम करायचं, पौलानं परराष्ट्रीयांत (म्हणजे यहूदी नसलेल्यांत), आणि यरुशलेमच्या गरिबांची आठवण ठेवायची. वाटणी झाली. दोन्हीकडची माणसं एकत्र जेवायला बसली तर काय, हे कोणी ठरवलंच नाही.

(दृश्य : अंत्युखियाची गुहा, आतून बाहेर)

अंत्युखिया, आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या. डोंगराच्या पोटातली ही गुहा परंपरेनं पेत्राची. दगडी दर्शनी भिंत फार नंतरची. भांडण इथंच झालं, असा दाखला नाही. पण झालं याच गावात.

पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. सुंता ही यहूदीपणाची खूण; ती न झालेल्यांच्या शेजारी बसून, रोज. मग याकोबाकडची माणसं आली. पेत्र आधी जरा मागे सरकला, मग वेगळाच बसायला लागला. बाकीचे यहूदीही उठले. पौलाचा जुना सोबती बर्णबा, तोही उठला. पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

पौलानं चारचौघांत पेत्राला धरलं. तू यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग परराष्ट्रीयांनी यहूद्यांसारखं राहावं अशी सक्ती का करतोस?

पेत्र काय म्हणाला? पत्रात एक शब्द नाही. पेत्रानं ऐकलं असतं तर पौलानं ते लिहिल्याशिवाय सोडलं नसतं. आणि याकोबाची बाजू? ती याकोबाच्या तोंडून आपण ऐकतच नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्या पुस्तकात तर हे भांडणच नाही. पौल-बर्णबाचं फाटलं ते योहान मार्क या सोबत्यावरून, असं तिथं सांगितलंय.

(दृश्य : करिंथ, अपोलोच्या देवळाचे खांब)

ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीतही तट पडले. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा (हा आणखी एक उपदेशक), मी केफाचा. याच करिंथकरांना पौल सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं थोडं बाजूला ठेवा. यरुशलेमच्या गरिबांसाठीची ही वर्गणी.

(दृश्य : पुन्हा शिळा, जवळून)

पौल शेवटचा यरुशलेमला आला, तेव्हा याकोबाच्या मंडळीनं त्याच्यापुढे एक काम ठेवलं. चार माणसांनी नवस केलाय, त्यांच्याबरोबर शुद्ध हो, त्यांचा खर्च तू कर; म्हणजे तू नियमशास्त्र पाळतोस हे लोकांना दिसेल. पौलानं ऐकलं. मंदिरात गेला. इफिसच्या त्रफिमाला, यहूदी नसलेल्या माणसाला, यानं आत आणलं, अशी हाकाटी झाली. या कठड्याच्या आत. जमाव धावला, आणि रोमी शिपायांनी पौलाला बेड्या घातल्या.

इ. स. ६२ मध्ये याकोबाला दगडमार झाला. ७० मध्ये मंदिर गेलं. यरुशलेमची मंडळी पांगली.

(दृश्य : जुनं चित्र, गळाभेट घेणारे दोन म्हातारे)

डावीकडे पेत्र, उजवीकडे पौल. कॅथलिक पंचांगात दोघांचा सण एकाच दिवशी, २९ जूनला. प्रभूचा बंधू म्हणून तिथं ज्या याकोबाला मानत आले, त्याचा ३ मे. तोही फिलिपबरोबर वाटून.