डिकी अडली

[दृश्य: लातूर, अंबाजोगाई रोडवरचं गॅरेज. पांढरी सेडान, एमएच 24 पासिंग. ड्रायव्हरच्या सीटखालचा लिव्हर वर-खाली होतोय, मागं काहीच हलत नाही.]

डिकी उघडत नाही, हे गाडीचं दुखणं कुणी फारसं मनावर घेत नाही. इंजिन सुरू होतंय, ब्रेक लागतोय, मग सामान मागच्या सीटवर टाकायचं आणि निघायचं. असे महिने जातात. आणि एक दिवस तुळजापूरला जाताना औशाच्या पुढं चाक बसतं. तेव्हा आठवतं की स्टेपनी, जॅक, पाना सगळं त्याच बंद डिकीत आहे.

ही गाडी एका निवृत्त गुरुजींची, 2004 सालची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून घेतलेली. म्हणजे विकायचा विचार नाही. औशाच्या पुढं दुसऱ्या एका गाडीवाल्याची स्टेपनी कामाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गॅरेजात हजर.

"मिस्त्री, ही लिव्हरची कटकटच नको. डिकी उघडायला बटन बसवून द्या एकदाचं."

"हौ गुरुजी, बसवू की. पण आधी डिकी तर उघडू द्या."

[दृश्य: मिस्त्रींचा हात, लिव्हरवर दोन बोटं.]

मिस्त्री डिकीकडं गेलेच नाहीत. दरवाजा उघडून उकिडवे बसले आणि लिव्हर सावकाश ओढला. निम्मं निदान इथंच होतं. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला, तर केबल तिच्या नळीत गंजून अडकलीय. ओढल्यावर मागून 'खट्' असा आवाज येतोय पण झाकण उचलत नाही, तर कुलूप ठीक आहे. बीडिंगचं रबर उन्हानं चिकटलंय किंवा झाकण वर ढकलणाऱ्या स्प्रिंगा थकल्यात. आणि लिव्हर नुसताच लुळा वर आला, हाताला काही ओढच लागली नाही, तर केबल तुटलीय किंवा आकड्यातून निसटलीय.

इथं लिव्हर लुळा होता.

मग किल्लीनं का उघडली नाही? जुन्या अ‍ॅम्बेसेडरला हा प्रश्नच नव्हता. मागं जायचं, किल्ली फिरवायची, डिकी उचलायची. आतून उघडायचा लिव्हर आला आणि मागच्या किल्लीच्या भोकाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती भोकात बसते, पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात वाळून कडक होते. गुरुजींची किल्ली आत गेली, पण फिरेना. जोर केला असता तर तुटून आतच राहिली असती.

[दृश्य: मागची सीट बाहेर. पोरगा टॉर्च घेऊन आत शिरतोय.]

तिसरा रस्ता मागच्या सीटमधून. बैठक उचलून काढली, पाठीचे दहाच्या पान्याचे बोल्ट सोडले, पुठ्ठा बाजूला केला. गॅरेजातला सगळ्यात बारीक पोरगा टॉर्च तोंडात धरून आत सरकला आणि लांब स्क्रू ड्रायव्हरनं कुलपाची खिट्टी मागं ढकलली. झाकण उघडलं. याच गाडीत सीएनजीचं किट असतं, तर त्या वाटेवर टाकी आडवी आली असती. टाकीवाल्या गाडीत डिकीची केबल कुरकुरायला लागली की थांबू नये, ती तुटायच्या आधीच बदलावी.

आता खरी बिघाडाची जागा दिसली. डिकीचं झाकण उघडताना-मिटताना बिजागरीजवळ केबल दर वेळी वाकते. तिथंच नळीवरचं प्लास्टिक फाटलं होतं आणि आतल्या पोलादी तारा एकेक करत तुटल्या होत्या. शेवटी दोनच तारांवर काम चाललं होतं. तुटलेलं टोक बोटाला टोचतं, आणि तांबूस गंज बोटावर उतरतो.

एवढी ओल आली कुठून? 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा ज्याच्याकडं गाडी, त्याच्या डिकीत पाण्याचे जार. गुरुजींच्याही. जार हिंदकळायचे, मॅटिंगखाली पाणी साचायचं. स्टेपनीच्या खोलग्यातला गंज अजून आहे, आणि केबलची नळी नेमकी तिथूनच जाते.

[दृश्य: नवी केबल. जुनीच्या शेपटाला बांधलेला दोरा.]

नळीतून तार ओढायची ही युक्ती जुनी आहे. अर्नेस्ट बाउडन यांच्या नावावर तिचं 1896 सालचं पेटंट आहे. सायकलच्या ब्रेकला, मोटारसायकलच्या क्लचला हीच केबल. बाहेरची नळी जागेवर घट्ट राहते, आतली तार सरकते. नळीच हलायला लागली तर लिव्हर कितीही ओढा, ओढ कुलपापर्यंत पोचत नाही. म्हणून मिस्त्री केबल बदलताना नळीच्या क्लिपाही बघतात. बरेच जण बघत नाहीत.

काहीजण तुटलेल्या टोकाला स्क्रूवालं निप्पल, म्हणजे तार स्क्रूनं आवळून धरणारं छोटं बोंड, लावून भागवतात. लिव्हरकडचं टोक तुटलं असेल तर ते चालतं. बिजागरीजवळ तुटलं असेल तर ती केबल टाकूनच द्यावी. जुनी केबल काढायच्या आधी तिच्या शेपटाला मजबूत दोरा बांधायचा. केबल पुढून निघते, दोरा तिच्या वाटेनं आत राहतो, आणि त्याच दोऱ्यानं नवी ओढून घ्यायची. नाहीतर सगळं मॅटिंग उचलत बसा.

कुलूप तोवर रॉकेलच्या डब्यात. जुनं ग्रीस आणि धूळ मिळून आत काळा लगदा झाला होता. तो धुऊन निघाल्यावर कुलपाचा पंजा, म्हणजे झाकण धरून ठेवणारा आकडा, बोटानं मिटवायचा, खिट्टी ओढायची. पंजा स्प्रिंगच्या जोरावर टणकन उघडला पाहिजे. मग थोडंसंच ग्रीस, फक्त घासणाऱ्या जागी. किल्लीच्या भोकात पातळ तेल, आणि किल्ली फिरेपर्यंत सबुरी. फिरली एकदाची. केबल जोडताना किंचित ढील ठेवली. तार ताणून बांधली की खिट्टी अर्धवट उचललेली राहते, आणि खड्ड्यात गाडी आपटली की डिकी आपोआप उघडते.

"आता बटन," गुरुजी म्हणाले.

[दृश्य: मोटर, रिले, फ्यूज, वायरचं भेंडोळं.]

दरवाज्याच्या सेंट्रल लॉकची मोटर स्वस्त मिळते, पण तिच्यात ताकद बेताची. कुलूप हलकं झालं असेल तरच ती ओढते. गंजलेल्या कुलपाला मोटर लावली तर चार दिवसांनी मोटर जळते आणि दोष मोटरवर जातो. बटनाचं काम शेवटी ठेवलं ते त्यासाठी. डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत वायर लांब जाते. ती बारीक घेतली तर मोटरला पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. म्हणून जाड वायर, मध्ये रिले (बटनाच्या थोड्या करंटवर मोटरचा मोठा करंट चालू करणारा स्विच), आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज डिकीत बसवलेल्या गाड्याही दिसतात. वाटेत कुठं वायर पत्र्याला घासली, तर त्या फ्यूजचा काय उपयोग?

बटन चालत्या गाडीत दाबलं जाऊ नये, म्हणून रिलेची अर्थिंग हँडब्रेकच्या स्विचवरून घेतली, मध्ये करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड घालून. हँडब्रेक ओढलेला असेल तरच डिकी उघडणार. काम फार नाही, पण सहसा कुणी करत नाही.

केबल मात्र काढली नाही. बॅटरी बसली की बटन गेलं, म्हणून लिव्हर हवाच. शिवाय झाकणाच्या आतून मिस्त्रींनी खिट्टीला एक जाड नायलॉनची दोरी बांधली, तिच्या टोकाला लाल फडकं. अमेरिकेत सप्टेंबर 2001 पासून नव्या मोटारींच्या बंद डिकीत आतून उघडायची सोय सक्तीची आहे. कुणी आत अडकलं तर अंधारातही दिसावा असा चमकणारा दांडा तिथं देतात. गुरुजींच्या घरी सुट्टीत नातवंडं येतात, लपाछपी खेळतात. फडकं अंधारात दिसायचं नाही, पण हाताला लागेल.

[दृश्य: बटन. लिव्हर. किल्ली. तिन्ही वेळा झाकण उचलतं.]

गुरुजींनी तिन्ही तऱ्हेनं डिकी उघडून बघितली. दोरी दाखवायला पोरगा पुन्हा आत झोपला. झाकण मिटलं, दोन क्षणांत उघडलं. मग गुरुजींनी विचारलंच, "रिमोट नाही का बसत याला?"

"बसतो की," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "पुढच्या पासिंगला गाडी ऱ्हायली, तर बसवू."