पंच्याण्णव टक्के पुरत नाहीत

विद्यार्थी मित्रहो, बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ज्याला अपेक्षित उत्पादनाच्या 95 टक्के यील्ड मिळाले, त्याची जर्नल सर इतरांना दाखवत असत. पॉलिमर रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला येताना ती फुशारकी दाराबाहेर ठेवावी लागते. ॲसिड आणि अमाइन यांच्यासारखे दोन मोनोमर, म्हणजे ज्यांची साखळी जोडून पॉलिमर बनतो ते छोटे रेणू, समप्रमाणात घेऊन अभिक्रिया 95 टक्के पूर्ण केली, तर सरासरी साखळीत जेमतेम 20 घटक असतात, आणि एवढ्याशा साखळीचा ना धागा निघतो ना फिल्म. भांड्यात उरतो तो ठिसूळ, मेणासारखा गोळा. हिशेब कॅरोदर्स यांच्या समीकरणाचा आहे आणि तो तोंडी करता येतो: अभिक्रियेचा पूर्ण झालेला अंश एकातून वजा करा आणि त्या बाकीने एकाला भागा. 99 टक्क्यांना उत्तर 100 येते, 99.5 टक्क्यांना 200. म्हणजे 95 पर्यंत मजल मारून जेवढी लांबी साधली, तिच्या दहापट साखळी पुढच्या साडेचार टक्क्यांत होते. सुरुवातीलाच बहुतेक मोनोमर संपून जातात, दोन-दोन, चार-चार घटकांचे तुकडे तयार होतात, आणि खरी लांबी वाढते ती हे तुकडे एकमेकांना जोडले जाऊ लागल्यावर, अगदी शेवटी.

अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांचे सहकारी याच शेवटच्या टक्क्यांपाशी अडले होते. पॉलिएस्टर तयार होताना दर बंधागणिक पाण्याचा एक रेणू सुटतो, आणि ते पाणी भांड्यातच राहिले तर जुळलेले बंध पुन्हा उकलतात. त्यामुळे त्यांच्या साखळ्यांचा रेणुभार पाच-सहा हजारांच्या पुढे सरकेना. अखेर त्यांनी तीव्र निर्वातात चालणारे ऊर्ध्वपातनाचे एक खास उपकरण वापरून पाण्याचा तो शेवटचा अंशही ओढून काढला आणि रेणुभार बारा हजारांच्या वर नेला. 1930 च्या एप्रिलमध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी त्या वितळलेल्या पदार्थात कांडी बुडवून वर उचलली, तेव्हा तिच्यासोबत तंतू निघाला. थंड झाल्यावर तो ताणला तर तुटण्याऐवजी मूळ लांबीच्या कितीतरी पट लांबला, आणि लांबताना अधिक चिवट व चकचकीत झाला. ते पॉलिएस्टर फार कमी तापमानाला वितळत असल्यामुळे कापडाच्या उपयोगाचे नव्हते, म्हणून मंडळी पॉलिअमाइडकडे वळली आणि 1935 मध्ये नायलॉन 6,6 हाती आले.

येथे आणखी एक अडचण आहे, जी परीक्षेत कोणी विचारत नाही पण प्रयोगात दररोज भेटते. दोन मोनोमरांपैकी एक दोन टक्क्यांनी कमी पडला, तर अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण होऊनही साखळी 99 घटकांपाशी थांबते, कारण सगळी टोके एकाच प्रकारची उरतात आणि त्यांना जोडीदार मिळत नाही. तराजूवर एवढा काटेकोरपणा टिकवणे अवघड आहे. म्हणून नायलॉन 6,6 साठी ॲसिड आणि अमाइन यांचा आधी क्षार करतात, त्याचे स्फटिक शुद्ध करतात, आणि मग तापवतात. स्फटिकातच दोघांचे प्रमाण एकास एक ठरलेले असते. बीकरमधून चिमट्याने नायलॉनची दोरी ओढण्याचा जो प्रयोग तुम्ही विज्ञान प्रदर्शनात पाहिला असेल, त्यात हे पथ्य लागत नाही. खाली पाण्यात डायअमाइन, वर हेक्झेनमध्ये ॲसिड क्लोराइड, आणि अभिक्रिया फक्त दोन थरांच्या सीमेवर. तेथे ज्याची गरज तो मोनोमर आपापल्या थरातून येत राहतो. प्रयोग देखणा आहे, पण त्यावरून वितळलेल्या अवस्थेतील नायलॉनही इतके सोपे असेल असे वाटू देऊ नका.

स्टायरीन किंवा मिथाइल मेथॅक्रिलेट यांची तऱ्हा निराळी. तेथे एकदा मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अतिशय क्रियाशील तुकडा, तयार झाला की पूर्ण लांबीची साखळी क्षणार्धात बनते, आणि अभिक्रिया दहा टक्के झालेली असतानाही भांड्यात लांब साखळ्याच असतात. मी विद्यार्थी असताना परीक्षानळीत मिथाइल मेथॅक्रिलेट आणि असे मूलक देणारा इनिशिएटर घेऊन ती पाण्याच्या बाथमध्ये ठेवली आणि चहाला गेलो. अर्धा तास काहीच घडत नाही असा माझा अनुभव होता. परत आलो तेव्हा नळी तडकली होती आणि आतील काचेसारखा पारदर्शक ठोकळा बुडबुड्यांनी भरला होता. द्रव घट्ट झाला की लांब साखळ्यांना हलता येत नाही, त्यांची टोके एकमेकांना भेटून थांबत नाहीत, मोनोमर मात्र पोहोचत राहतो; वेग वाढतो, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि उरलेला मोनोमर उकळतो. पुस्तकात हा परिणाम ट्रॉम्सडॉर्फ यांच्या नावाने आधीच वाचलेला होता.

आता रेणुभाराविषयी. बेंझीनचा रेणुभार 78, याबद्दल वाद नाही. पॉलिमरच्या एकाच नमुन्यात मात्र वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या असतात, त्यामुळे 'रेणुभार किती' या प्रश्नाला 'कोणती सरासरी' हा प्रतिप्रश्न लागतो. दहा हजार भाराच्या नऊ साखळ्या आणि एक लाख दहा हजार भाराची एक साखळी घ्या. संख्येची सरासरी येते 20 हजार. वजनाच्या हिशेबाने काढलेली सरासरी येते 65 हजार. टोके मोजणारी किंवा परासरण दाब मोजणारी पद्धत पहिला आकडा देते, प्रकाशाचे विकिरण मोजणारी दुसरा देते, आणि दोन्ही बरोबर असतात. जर्नलमध्ये नुसता 'रेणुभार' असे लिहून आकडा टाकलात, तर मी तो खोडीन.

बाहेर नोकरीला गेलात की यातले काहीच कोणी विचारणार नाही. तेथे चालतो एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. पॉलिथिलीनसाठी 190 अंश सेल्सिअसला, 2.16 किलोच्या वजनाखाली, ठरावीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम वितळलेला पदार्थ बाहेर येतो, एवढाच तो आकडा. कच्च्या मालाच्या दोन पोत्यांवर तो सारखाच छापलेला असतो, आणि तरीही एका पोत्याची फिल्म सुरळीत फुगते, दुसऱ्याची मध्येच फाटते. यंत्रचालक तापमान वाढवून पाहतो, मग कमी करून पाहतो, आणि शेवटी तुम्हाला बोलावतो. त्या वेळी दोन्ही पोत्यांतील साखळ्या सरासरीने किती लांब आहेत यापेक्षा त्यांच्या लांबीत आपसांत किती फरक आहे, आणि त्यांना किती फांद्या आहेत, हे तुम्हाला तपासायचे असते.