कडी पडली की हक्क थांबला

नमस्कार मंडळी, कसे आहात, मे महिना लागलाय, निम्मी गल्ली गावाला जायच्या तयारीत असणार, म्हणून आज म्हणलं घरफोडीवर बोलूया. म्हणजे चोरापासून घर कसं सांभाळायचं आणि चोर सापडलाच तर आपण त्याला किती मारू शकतो. हा दुसरा प्रश्न मला कोर्टाच्या आवारात, लग्नात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारलाय लोकांनी.

कुलूप लावा, गॅस बंद करा, दागिने लॉकरमध्ये ठेवा हे काय मी सांगायला नको, तुम्हाला माहितीये. फक्त कोयंडा बघा. लोक हजार रुपयांचं कुलूप आणतात आणि ते लावतात तीस रुपयांच्या कोयंड्याला, दोन बारके स्क्रू, पहारीचा एक हिसका की कुलूप शाबूत आणि कोयंडा हातात. आणि ते स्टेटस! गाडी टोलनाक्याला पोचायच्या आत फोटो, "ऑफ टू कोकण", चारशे लोकांना कळतं की घर रिकामं आहे. आमच्या काळात गावाला जाताना शेजारणीच्या कानात सांगून जायचे आणि परत आल्यावर तिला आमसुलं द्यायचे, आता शेजारीणच स्टेटस बघून कळवते की अगं तुम्ही गेलात होय. असो, हा वेगळा विषय आहे, पण मला राग येतो.

तर आमच्या आत्याची गोष्ट सांगते. ज्यांनी आधी ऐकलीये त्यांनी परत ऐका.

आत्या वाईला राहायची, नदीच्या अंगाला जुनं घर, पुढं ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची खोली आणि मागं परसदार. मामंजी गेलेले, म्हणजे आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. आत्या अडुसष्टची, एकटी. मे महिना होता, वर्षाचं तिखट नुकतंच कुटून आलेलं, कोठीत डबे भरून ठेवलेले. आणि आत्याला ताप. तीन दिवस अंथरुणातनं उठली नाही, शेजारचे आप्पा मागच्या दारानं पेज आणून द्यायचे.

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला घशाला कोरड पडली म्हणून उठली पाणी प्यायला. माजघरातनं बघते तर कोठीच्या दाराखालनं उजेड हलतोय, बॅटरीचा. परसदाराच्या फटीतनं पट्टी घालून कोणीतरी कडी वर सरकवली होती, आत आला होता आणि कोठीत शिरला होता, कारण जुन्या घरात पैसा धान्याच्या डब्यात असतो हे चोराला आपल्या सुनांपेक्षा जास्त माहीत असतं.

आता तुम्ही आम्ही काय केलं असतं, बोंब मारली असती. आत्यानं काय केलं, अनवाणी गेली, कोठीचं दार हळू ओढून घेतलं, बाहेरनं कडी घातली, आणि कडीत फळीवरचं उलथनं अडकवलं. लोखंडी उलथनं, धिरड्याचं. कोठीला खिडकी नाही, वर वीतभर झरोका, त्यातनं मांजर जाईल, माणूस नाही. मग गेली आणि पाणी प्यायली. हे ती दर वेळेला सांगायची, की आधी मी पाणी प्यायले, आणि मग आप्पांना फोन केला.

आतनं धडका सुरू झाल्या. आणि धडकांच्या नादात अंधारात तिखटाचा डबा पडला. मंडळी, पाच किलो तिखट, बंद खोली. आतनं शिंका सुरू. एक शिंक, दोन शिंका, वीस शिंका, मधेच "मावशी कडी काढा", परत शिंक. आत्या पाट टाकून दारापाशी बसली आणि तिनं त्याला विचारलं, "काय रे, एवढी घरं सोडून माझंच कसं सापडलं?" तर तो आतनं काय म्हणाला, "तीन दिवस दारात रांगोळी नव्हती मावशी. पेपरपण तसेच पडलेले. वाटलं गावाला गेलात."

बघा. रांगोळी. दारातली रांगोळी आणि न उचललेले पेपर, त्यावरनं घर निवडलं त्यानं. म्हणून सांगते, गावाला जाताना पेपर आणि दूध बंद करा आणि पुढचं अंगण रोज कोणीतरी झाडेल एवढं बघा.

तोवर गल्ली जमली. एक जण क्रिकेटची बॅट घेऊन, एक जण खोऱ्याचा दांडा, आणि एक महाशय नुसते शर्टाच्या बाह्या वर करून. सगळ्यांचं एकच, दार उघडा, बघतो त्याच्याकडं. आत्या दाराला पाठ लावून उभी, अंगात ताप, आणि म्हणाली, "पोलीस आल्याशिवाय हे दार उघडायचं नाही. तो आत आहे तोवर चोर तो आहे, तुम्ही मारलात की गुन्हेगार तुम्ही, आणि जामिनाला मी पाच-पाच जणांच्या मागं हिंडणार नाही." चौथी शिकलेली बाई हो! पोलीस यायला चाळीस मिनिटं लागली. दार उघडलं तर पंचविशीचा पोरगा, डोळे लालबुंद, नाक गळतंय. आत्यानं त्याला आधी तांब्याभर पाणी दिलं डोळे धुवायला.

पुढं कोर्टात साक्ष झाली तेव्हा समोरच्या वकिलानं विचारलं, आरोपीला ओळखता का. आत्या म्हणाली, चेहरा नंतर बघितला, शिंक आधी ऐकली. जज्जसाहेबसुद्धा हसले.

आता वेळ थोडा राहिलाय, कायदा पटकन सांगते, पण नीट ऐका. 1 जुलै 2024 पासून जुनी आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाचे आहेत. जीव वाचवायचा हक्क आहे आणि मालमत्ता वाचवायचापण हक्क आहे, फक्त आपलीच नाही, शेजाऱ्याचीपण. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत कोणी घर फोडून आत आला, किंवा जबरी चोरी करायला लागला, किंवा राहत्या घराला आग लावायला लागला, तर कलम 41 प्रमाणे प्रतिकार करताना त्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या मागं उभा राहू शकतो. पण, आणि हा पण मोठा आहे, कलम 37 म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडं जायला सवड असेल तर हा हक्कच नाही.

म्हणजे तो सुरा घेऊन आत्याच्या अंगावर आला असता आणि तिनं मुसळ घातलं असतं डोक्यात, तर ते स्वसंरक्षण. पण कडी पडली, तो कोंडला गेला, धोका संपला. त्यानंतर दार उघडून बॅट घातली तर ती मारहाण. परत सांगते, कडी पडली की हक्क थांबला. चोर दागिने घेऊन पळतोय तर मागं धावा, हिसकावून घ्या, त्याची परवानगी आहे. दागिने टाकून पळाला, माल मिळाला, की तिथंच थांबायचं. झाडाला बांधून रात्रभर मारायचं आणि व्हिडिओ काढायचा, हे करणारे मी कोर्टात बघितलेत, आणि तो व्हिडिओच त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून लागतो.

मग कोणी म्हणेल, अंधारात काय तराजू घेऊन बसायचं का? नाही. सुप्रीम कोर्टानं 2010 साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार या केसमध्ये सांगितलंय की घाबरलेल्या माणसानं फटका तोलून मोजून मारावा अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. त्या क्षणी धोका खरा वाटला का, हे बघतात. पण त्या क्षणी, नंतर नाही.

आणि पकडून ठेवता येतं का, तर येतं. घरफोडीसारख्या गुन्ह्यात साधा नागरिकपण पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. 112 लावायचा. आणि पोलीस येईपर्यंत कपाट आवरायला घेऊ नका, आपल्या बायकांना पाहुणे येणार म्हणलं की आवरायची सवय, पण बोटांचे ठसे जातात.

एका श्रोत्यांनी कोरेगावहून विचारलंय की कंपाउंडच्या तारेत करंट सोडला तर चालेल का. नाही, नाही आणि नाही. तार चोर ओळखत नाही, बॉल आणायला आलेलं पोर ओळखत नाही, वायरमन ओळखत नाही. कोणी गेलं तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, आणि तुम्ही झोपलेले होता, समोर धोका नव्हता, मग स्वसंरक्षण म्हणणार कशाला? भिंतीवर काचा लावा हवं तर, मला त्यापण आवडत नाहीत, मांजरांचे पाय कापतात. त्यापेक्षा परसदारात एक दिवा आणि दाराला आतनं आडणा, म्हणजे दारामागं आडवा घालायचा जुना लाकडी दांडका, पट्टीनं सरकत नाही. आत्यानं दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून बसवून घेतला.

आणि रांगोळीचं राहिलं. त्यानंतर आत्या आजारी असली की आप्पांची नात येऊन काढायची. आठ वर्षांची पोरगी, ठिपके एकीकडं, रेषा दुसरीकडं, आणि आत्या अंथरुणातनं ओरडायची, अगं निदान उंबऱ्याच्या मधोमध तरी काढ!

बरं, वेळ संपली, पुढच्या बुधवारी भाडेकराराबद्दल बोलू, घरमालक मंडळींनी जरूर ऐका. नमस्कार.