सोफ्याखालचं चेंबर

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉलच्या स्टेडियमचं नूतनीकरण झालं की पेपरात पहिला फोटो येतो तो खुर्च्यांचा. निळ्या, लाल, पिवळ्या, ओळीनं मांडलेल्या. मी गेली पस्तीस वर्षं गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात बसणारा माणूस. मी तो फोटो बघतो आणि मनात म्हणतो, छान आहे, पण पाणी कुठून जाणार? घरचे हसतात. तुम्हीही हसलात तरी चालेल. मला यावर एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी काही उठणार नाही. पण आधी दोन ठिकाणं.

पहिलं रिओचं माराकाना. 1950 च्या विश्वचषकात उरुग्वेनं ब्राझीलला हरवलं तेव्हा आत दोन लाखांच्या घरात माणसं होती. 2014 च्या विश्वचषकासाठी ते आतून जवळजवळ नव्यानं उभारलं. अंतिम सामना तिथे झाला. 2016 ला ऑलिम्पिकचं उद्घाटनही तिथेच. आणि 2017 च्या सुरुवातीला? गवत वाळून तपकिरी झालेलं, खुर्च्या उखडलेल्या, वीज तोडलेली. सांभाळायचं कुणी, यावरच वाद चालू होता. उद्घाटन एका दिवसाचं असतं श्रोतेहो, देखभाल रोजची.

दुसरं ठिकाण इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड, 11 मे 1985. हे सांगताना अजून आवाज खाली येतो. हंगामातला शेवटचा सामना, जुना लाकडी स्टँड. त्याचं छप्पर बदलायचं ठरलेलं, लोखंडही येऊन पडलेलं. म्हणजे नूतनीकरण दारात उभं होतं. पण फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडलेला कचरा कुणी काढला नव्हता. मध्यंतराच्या जरा आधी त्या कचऱ्यानं पेट घेतला आणि 56 माणसं गेली. त्या कचऱ्यात 1968 सालचं वर्तमानपत्र निघालं. सोळा वर्षं ते तिथे पडून होतं.

आता माझी गोष्ट.

आमच्या स्टेडियमचं काम दीड वर्ष चाललं होतं. नव्या खुर्च्या, नवे दिवे, मैदानाभोवती सगळीकडे चकचकीत फरशी. पहिला सामना रविवारी दुपारी. शनिवारी रात्री पाऊस झाला. तसा फार नाही, पण रात्रभर रिपरिप. सकाळी ऊन पडलं, सगळ्यांना वाटलं सुटलो. पण दुपारी बघतो तर एका कॉर्नरपाशी तळं. रेफ्रीनं चेंडू छातीएवढ्या उंचीवरून सोडला. थप्प. उसळलाच नाही, चिखलात बसला. रेफ्रीनं घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

गॅलरीतल्या आम्हा पाच-सहा पोरांना खराटे देऊन आत घेतलं. आम्ही पाणी ढकलतोय, पाणी परत येतंय. ढकलतोय, परत येतंय. आमचे माळीकाका बाजूला उकिडवे बसून नुसते बघत होते. त्या मैदानावर त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, "अरे, इथं चेंबर होतं. या कोपऱ्याचं सगळं पाणी त्यात जायचं. चेंबर कुठं गेलं?"

कंत्राटदाराचा माणूस नकाशा घेऊन आला. नकाशात चेंबर नव्हतं. त्यानं काकांना समजावलं, "काका, नकाशात नाही म्हणजे नाही."

काका काही बोलले नाहीत. उठले, रेषा आखायच्या फक्कीचं घमेलं घेतलं, आणि मूठभर फक्की त्या पाण्यावर फेकली. पांढरा थर पाण्यावर पसरला. आम्ही खराटे टेकून बघत राहिलो. आधी काहीच होईना. मग तो थर हळूहळू एका बाजूनं लांबायला लागला, अगदी बोटानं ओढल्यासारखा. मैदानाच्या कडेला गेला, फरशीच्या फटीशी आला आणि तिथे बारीकसा भोवरा धरून गोल फिरायला लागला. इतकुसा, वाटीएवढा.

आणि बरोबर त्या फरशीवर पाहुण्यांचं व्यासपीठ. लाल गालिचा, तीन सोफे, सोफ्यांवर मान्यवर.

पुढची पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. संयोजक म्हणतात, भाषणं होऊ द्या, मग बघू. रेफ्री म्हणतो, भाषणं खुशाल होऊ द्या, सामना होणार नाही. गॅलरीला आत काय चाललंय ते कळेना, पण पोरांनी सोफ्याकडे बोट दाखवलेलं दिसलं. झालं. सात-आठ हजार माणसं एका सुरात ओरडायला लागली, "सोफा हलवा! सोफा हलवा!" प्रमुख पाहुणे बिचारे भले गृहस्थ. ते स्वतःच उठले आणि सोफ्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक मी. आयुष्यात मैदानावर मला मिळालेल्या टाळ्या त्या तेवढ्याच.

गालिचा गुंडाळला. काकांनी पहार मागवली. कंत्राटदाराच्या माणसानं तोंड फिरवलं. दोन घाव, फरशी फुटली, खाली सिमेंट, त्याखाली जुनं लोखंडी झाकण, गंजलेलं. झाकण उचकटलं आणि आतून असा आवाज आला, जसा तहानलेला माणूस तांब्यानं पाणी पितो. गट, गट, गट. अर्ध्या तासात कॉर्नर मोकळा. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि शून्य-शून्य बरोबरीत सुटला. एकही धड शॉट नाही. तरी त्याच्याइतका चांगला सामना मी पाहिलेला नाही.

बाकी गवताचं शास्त्र थोडक्यात सांगतो. वर गवत, खाली वाळू, त्याखाली खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप. चालून चालून माती दडपते, म्हणून तिला अधूनमधून टोचून भोकं पाडावी लागतात, नाहीतर मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी वरच थांबतं. गॅलरीवर मोठं छप्पर घातलं की सावली पडते, गवताला ऊन मिळत नाही, मग चाकांवरचे मोठे दिवे आणून रात्रभर गवताला ऊन द्यावं लागतं. म्हणून काही जण म्हणतात, कृत्रिम गवत टाका, कटकट नको. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये टाकलं होतं. 2011 ला मेस्सी व्हेनेझुएलाविरुद्ध खेळला तो त्याच गवतावर. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी ते काढून पुन्हा खरं गवत लावलं, आणि त्या गवतावर इंग्लंडनं दोन गोलनी मागे पडून स्पेनला 5-2 हरवलं. शिवाय कृत्रिम गवतालाही विंचरावं लागतं, धुवावं लागतं. उन्हात ते तव्यासारखं तापतं, घसरलात तर गुडघ्याची साल निघते. देखभाल रोजची, गवत कुठलंही असो.

आणि जाता जाता, गोल झाल्यावर लाउडस्पीकरवर गाणी लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ओरडायचं काम आमचं आहे. त्यासाठी आम्ही तिकीट काढतो. त्या गाण्यांवरचा पैसा दोन जास्तीच्या नळांवर आणि स्वच्छतागृहाच्या कड्यांवर घाला, मध्यंतरातल्या पंधरा मिनिटांत आमची अर्धी रांगसुद्धा आत जात नाही.

हां, तर ती फरशी. माळीकाका आता निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी भांडून त्या चेंबरवर नवं झाकण बसवून घेतलं, उचलायला दोन लोखंडी कड्या असलेलं. पाऊस झाला की मी आत शिरल्यावर आधी गोलपोस्टकडे बघत नाही, त्या कड्यांकडे बघतो. कड्या उभ्या असल्या, त्यांना ताजी माती लागलेली असली, म्हणजे सकाळी कुणीतरी झाकण उघडून पाहिलंय. मग मी कोपऱ्यातल्या माझ्या जागेवर जाऊन बसतो.

नमस्कार.