मागच्या सीटवरचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी मित्राची, चालवतोय तोच, चूकही त्याचीच. तुम्ही मागे गप्प बसलेले. अमेरिकेतल्या एखाद्या रस्त्यावर पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात आणि तुम्हाला म्हणतात, 'खाली उतरा.' उतरावं लागतं का? लागतं. चालकाच्या बाबतीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९७७ मध्ये सांगितलं, प्रवाशाच्या बाबतीत १९९७ मध्ये. पण उतरलात म्हणून तुमचे खिसे चाचपता येतात का? खरी गोम इथे आहे.

अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात २००२ साली पोलिसांनी एक गाडी अडवली. कारण किरकोळ, विम्याच्या भानगडीत नोंदणी स्थगित झालेली. मागे बसलेल्या जॉन्सनचे कपडे एका टोळीच्या रंगाचे, म्हणजे निळे. खिशात पोलिसांची वायरलेसवरची बोलणी ऐकायचा स्कॅनर. विचारल्यावर 'घरफोडीसाठी तुरुंगात होतो' हेही त्याने सांगून टाकलं. टोळीबद्दल बोलायचंय म्हणून महिला अधिकाऱ्याने त्याला उतरवलं, कपड्यांवरून हात फिरवला, तर कमरेपाशी पिस्तुलाची मूठ लागली.

राज्याच्या अपील न्यायालयाचं म्हणणं, टोळीच्या गप्पा सुरू झाल्या तेव्हा वाहतुकीचा मामला मागे पडला होता, मग झडती कसली? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एकमताने ते फिरवलं. गाडी थांबवलेली आहे तोवर प्रवासीही थांबवलेलाच. त्याने गुन्हा केल्याचा संशय असायची गरज नाही; मात्र त्याच्याजवळ शस्त्र आहे आणि तो धोकादायक आहे, असं वाटायला ठोस कारण हवं. नुसती शंकेची पाल चुकचुकली, एवढ्यावर भागत नाही. ही कसोटी मुळात १९६८ च्या टेरी खटल्यातली, रस्त्यावर पायी चालणाऱ्या माणसांसाठी घातलेली.

मला स्वतःला ही कसोटी जरा सैल वाटते. एकेक गोष्ट सुटी धरली, तर कपड्यांचा रंग काय सांगणार? पण न्यायालय सगळं एकत्र तोलतं, आणि त्या तोलण्यात स्कॅनर जड जातो, हे कबूल करायला हवं.

आता हात फिरवायचा म्हणजे किती? वरच्या कपड्यांवरून, शस्त्र शोधण्यापुरता. मिनेसोटातला १९९३ चा निकाल यासाठी ऐकण्यासारखा आहे. अधिकाऱ्याच्या बोटांना जॅकेटच्या खिशात बारीकशी गाठ लागली. शस्त्र नाही हे त्याला कळलं होतं. तरी त्याने ती दाबली, सरकवली, चिमटीत फिरवून पाहिली. कोकेन निघालं, पण पुरावा म्हणून ते बाद झालं. बोटं गरजेपेक्षा जास्त चालली होती.

वेळेचंही तसंच. दंडाचं काम आटोपल्यावर ठोस संशय नसताना श्वानपथकासाठी गाडी रोखून धरता येत नाही, हे २०१५ चं. त्यात प्रश्न जेमतेम सात-आठ मिनिटांचा होता.

एक गोष्ट मात्र या साऱ्याला बगल देते. 'जरा तपासू का?' असं पोलिसाने सहज विचारलं आणि तुम्ही मान डोलावलीत, की संशयाचं कारण दाखवायची त्याला गरजच उरत नाही. 'माझी संमती नाही' असं शांतपणे, हात दिसतील असे ठेवून म्हणता येतं. तरीही झडती घेतलीच, तर अंगावर न जाता पुढचा वाद न्यायालयात घालायचा. २००७ पासून प्रवाशालाही गाडी अडवण्यालाच आव्हान देता येतं. पण 'नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे' हे आधी सांगायचं बंधन पोलिसावर नाही. तो निकाल १९७३ चा, आणि आजही तोच लागू आहे.

नमस्कार.